दुपारी बंद न करायचं दार

हिलाल रात्रपाळीचा कारीगर. रात्रभर लूम चालवायचा आणि दिवसा झोपायचा. त्यामुळे त्याच्या वाट्याला भूत आलं, तेही दिवसपाळीचंच आलं. बरोबर दुपारी बाराला यायचं, तीनदा कडी वाजवायचं आणि जायचं. वक्तशीरपणात त्याच्या खात्यातला एकही माणूस त्या भुताच्या जवळपास येत नव्हता.

कडी होती दाराला आणि दार होतं भिंतीला टेकवलेलं. त्या दारातून कुठेही जाता येत नव्हतं. उघडलं तर मागे सुरतेच्या गोडादऱ्यात लूमच्या खात्यावरच्या भाड्याच्या खोलीची पोपडे आलेली भिंत. तरीसुद्धा पहिल्यांदा कडी वाजली तेव्हा हिलालची बायको सरलाबाई परात सोडून उठली, पदर सारखा केला, "उनी माय, उनी" असं आपल्या अहिराणीत 'आले, आले' म्हणत त्या दारापाशी गेली आणि तिनं ते उघडलंही. भिंत दिसल्यावर ती जरा वेळ भिंतीकडे बघत राहिली. मग दार लोटलं आणि पुन्हा भाकरीला बसली. नवऱ्याला तिनं काही सांगितलं नाही. नवरा जागाच होता. त्यानंही तिला काही सांगितलं नाही. बावीस वर्षं एका खोलीत राहिलेल्या नवरा-बायकोला न बोलण्याची चांगली सवय असते.

आता हे दार खोलीत का होतं, ते सांगायला हवं. खोलीत एक अख्खं घर होतं, फक्त ते उभं नव्हतं. दोंडाईच्याच्या पुढे दोन कोसांवर हिलालचं गाव. तिथे त्याच्या वाट्याला आलेल्या जागेवर तो सात वर्षांपासून घर बांधत होता, आणि बांधत होता सुरतेत बसून. परमुलखात राहणाऱ्या माणसाची एक श्रद्धा असते. तिकडे मिळतं ते सगळं भेसळीचं, इकडे मिळतं ते अस्सल. गावाकडे दुकानं नव्हती असं नाही. पण हिलालला बिजागरीसुद्धा सुरतेचीच हवी होती. सुट्टीच्या दिवशी लोक डुमसला समुद्र बघायला जात, हा पाडकामाच्या मालाचे वाडे बघायला जायचा. कुठे जुनी इमारत पडली की तिच्या खिडक्या, फरशा, गज तिथे येऊन पडत. हिलाल त्यातून एकेक वस्तू निवडून खांद्यावर घरी आणायचा.

त्यामुळे पलंगाखाली वॉशबेसिन होतं आणि त्यात कांदे होते. खिडकीची जाळी भिंतीला उभी होती, तिच्यावर कपडे वाळत. संडासाचं भांडं कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळून ठेवलेलं होतं. पाहुणे ते देवाचं काहीतरी असेल असं समजून त्याला पाय लागू देत नसत. गवंडी-सुतारांनी सबबी सांगू नयेत म्हणून थाप्या, रंधा आणि पितळी ओळंबासुद्धा हिलालनं घेऊन ठेवला होता. मुलगा हेमराज म्हणायचा, "पप्पा, आपण घरात नाही राहत. आपण घराच्या पोटात राहतो."

या वर्षी मात्र घाई होती. लेक सुषमाचं लग्न माघात झालं होतं. खानदेशात लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, माहेरी. लेकी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि सासरच्या माणसांना नावं ठेवून मोकळ्या होतात. सुषमाच्या सासूनं हसत हसत विचारलं होतं, "आखाजीले कोठे जाशी व? लूमना माळावर?" सासू हसत विचारते ते जास्त लागतं. सुषमानं फोनवर हे सांगितलं आणि लगेच म्हणाली, "जाऊ द्या, पप्पा." ते 'जाऊ द्या' हिलालच्या छातीत खिळ्यासारखं बसलं. आखाजीच्या आत घर उभं राहायला हवं होतं. भिंती झाल्या होत्या, पत्रे चढले होते. राहिलं होतं ते पुढचं दार.

दाराचं माप गावचा गवंडी सुकलाल यानं पाठवलं होतं. सुकलालचा टेपवर विश्वास नव्हता. त्यानं सुतळीला गाठी मारल्या, एक उंचीची, एक रुंदीची, आणि सुतळी सुरतेला येणाऱ्या एकाच्या पिशवीत घातली. ती मळकी, कुसकी सुतळी हिलालला बघवेना. सुतात ज्याचा जन्म गेला, त्यानं असल्या काथ्यानं माप घ्यायचं? त्यानं खात्यातला चकचकीत पॉलिस्टरचा धागा घेतला, सुतळीला लावला, त्यावर नव्या गाठी मारल्या आणि सुतळी फेकून दिली. मग वाड्यांमध्ये गेला की तो धागा दाराला लावायचा. लावताना ताणायचा. ताण दिल्याशिवाय सूत मोजायचं नाही, हे तीस वर्षांत त्याच्या बोटांत मुरलेलं. आणि त्या धाग्याचा गुण असा की ताणला की तो वाढतो. उंची वीतभर वाढली. तेवढं उंच दार आजकाल कुणी करत नाही. दोन महिने हिलाल वाड्यावाड्यांतून फिरला आणि प्रत्येक दार बुटकं म्हणून नाकारत राहिला. लोकांना वाटलं, म्हातारा हत्ती पाळणार आहे.

शेवटी भाईदासच्या वाड्यात ते दार दिसलं. दोन फळ्यांचं, काळपट सागवानी, चौकटीसकट. धागा लावला, ताणला. तंतोतंत.

"आ बारणुं तो सागनुं छे, काका," भाईदास दारावर थाप मारत म्हणाला. "घर पडी गयुं, बारणुं नई पड्युं."

हिलालला तो देवाचा कौल वाटला. 'छोटा हत्ती' टेम्पोत घालून त्यानं दार खोलीवर आणलं. गावाला पाठवण्याआधी जरा पॉलिशपेपर मारावा म्हणून फळ्या उलटल्या, तर आतल्या बाजूला दोन हात.

कुंकवाचे थापे होते. लग्न होऊन निघताना मुलगी माहेरच्या घरावर देते ते. जुने, तपकिरी पडलेले, पण बोटं स्पष्ट. लहानशी बोटं, सतरा-अठरा वर्षांच्या मुलीची. उजवी करंगळी जराशी वाकडी. हिलालनं पॉलिशपेपर घासला. लाकूड उजळलं, हात तसेच राहिले. आणखी घासल्यावर ते जास्तच उठून दिसायला लागले. त्यानं कागद खाली ठेवला आणि स्वतःचे हात धुऊन आला.

दुसऱ्या दिवसापासून कडी वाजू लागली.

चार दिवस दोघंही गप्प राहिले. पाचव्या दिवशी कडी वाजली, सरलाबाई सवयीनं "उनी माय" म्हणाली आणि पांघरुणातून हिलाल म्हणाला, "म्हणजे तुलेबी ऐकू येस?"

"मी काय बहिरी शे?"

"मंग बोलनी का नही?"

"तुम्ही रातभर जागतस. झोपमोड कशाला, म्हनी."

हेमराजनं दोघांना वेड्यात काढलं. तो भरतकामाच्या मशीनवर होता, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट मशीनमुळे होते असं त्याचं मत. "नीचे बारा लूम चालतात. पूरी बिल्डिंग हलते. कडी वाजणार नाही तर काय गाणार?"

हे पटण्यासारखं होतं. म्हणून तिघंही सुट्टीच्या दिवसाची वाट बघत राहिले. त्या दिवशी खालचं खातं बंद. सगळी गल्ली अशी शांत की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू यावा. हेमराजनं मोबाइल दारासमोर उभा केला आणि चित्रीकरण सुरू केलं. बाराला कडी वाजली. एक, दोन, तीन. घाई नाही, राग नाही. घरातलं माणूस घरातल्या माणसाला हाक मारतं तशी.

हेमराजनं मोबाइल उचलून बघितलं. आवाज आला होता, अगदी नीट आला होता. कडी मात्र हललेली नव्हती. तीन ठोके झाले आणि लोखंडाची कडी लोखंडासारखी लटकत होती. हेमराजनं ते तीनदा बघितलं, मग पुसून टाकलं. त्यानंतर दुपारचं जेवण तो मशीनवरच घ्यायला लागला. मशीनवर काम फार वाढलंय, असं कारण त्यानं दिलं.

"आयकं का, हेमराजना बाप," सरलाबाई म्हणाली, "हाऊ दरवाजा नही. कोनंतरी माहेर शे हाई. ती पोर येस आनि तिले घर सापडत नही. तिले इचारल्याबिगर हाऊ दरवाजा मी मन्हा घरले लावू देवाव नही. मन्ही पोर आखाजीले येई नि दुसरीनी पोर बाहेर उभी ऱ्हाई?"

आखाजीला महिना राहिला होता. नवीन दार करायला वेळ नव्हता, आणि त्या उंचीचं दुसरं दार सुरतेत नव्हतं. हिलाल भाईदासकडे गेला. दार परत घे, असं म्हणायचं ठरवून गेला होता. भाईदासनं ते ऐकून घेतलं नाही, पण कडीचं ऐकल्यावर त्यानं हातातला चहा खाली ठेवला.

"बार वाग्ये?" त्यानं विचारलं.

"बाराला."

भाईदास मग हळू आवाजात, अर्धं गुजराती अर्धं हिंदी, सांगू लागला. ते घर जुन्या शहरातल्या एका पोळातलं, अरुंद गल्लीतलं. भाच्यांनी विकलं. पाडकाम चालू असताना त्यांच्या आत्या, एक म्हाताऱ्या बेन, रोज बाराला रिक्षातून यायच्या. कडी वाजवायच्या. मजूर हातोडे थांबवायचे, एक जण जाऊन दार उघडायचा. बेन आत यायच्या, छप्पर नसलेल्या घरात अर्धा तास बसायच्या आणि जायच्या. भिंती गेल्या, जिना गेला, तरी यायच्या. दार त्यांच्यासाठी म्हणून शेवटी काढलं. ज्या दिवशी काढलं त्या दिवशीही आल्या. समोर सगळं मोकळं मैदान होतं, कुठूनही आत जाता आलं असतं. त्या गेल्या नाहीत.

"में कह्युं, बा, आवो ने. तो कहे, बारणुं नथी, तो अंदर केम जवाय?" भाईदासनं हात उडवले. "पछी आव्या ज नहीं."

त्यांचं नाव जसुमतीबेन. अडाजणला मुलाकडे राहतात, की राहत होत्या, ते त्याला ठाऊक नव्हतं. इमारतीचं नाव मात्र त्यानं दिलं.

हिलाल आणि सरलाबाई केळी घेऊन अडाजणला गेले. दोन बस बदलाव्या लागल्या. वाटेत हिलाल मनात एकच वाक्य घोकत होता आणि ते कुठल्याही भाषेत शहाण्या माणसाचं वाटत नव्हतं. सुनेनं दार उघडलं आणि ही माणसं काहीतरी विकायला आलीत असं समजून अर्धं बंदही केलं. हिलालनं दाराबद्दल सांगितलं, थाप्यांबद्दल सांगितलं. कडीबद्दल नाही सांगितलं. सून विरघळली.

"आवो. बा जिवे छे," ती म्हणाली. "पण पडल्यापासून पलंगावरच. कोणाला ओळखत नाहीत."

म्हणजे बाई जिवंत होती. हिलालला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट तो जास्तच अडकला. मेलेलं माणूस येतं, ते समजण्यासारखं आहे. त्याला दुसरं काम नसतं. पण जिवंत बाई अडाजणला पलंगावर पडून आहे आणि गोडादऱ्यात तिची कडी वाजते, याचं काय करायचं?

जसुमतीबेन चादरीखाली मूठभर उरल्या होत्या. डोळे छताला. चादरीवर उजवा हात, करंगळी जराशी वाकडी. हिलालनं ती बघितली आणि केळी कुठे ठेवावीत ते त्याला सुचेना. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले. हात उठला आणि पलंगाच्या लाकडी कडेवर तीनदा वाजला.

"रोज," सून म्हणाली. "घड्याळ चुकेल, बा नाही चुकत."

तोच आवाज होता. लाकडावर बोटं पडत होती आणि ऐकू कडी येत होती.

"उनी माय, उनी," सरलाबाई म्हणाली. तिनं मुद्दाम नव्हतं म्हटलं. इतक्या दिवसांच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं.

म्हातारीचे डोळे छतावरून उतरले. सरलाबाईवर स्थिर झाले. "केटली वार लगाडी!" ती उशिराबद्दल रागावून म्हणाली.

"काम ऱ्हातस ना माय घरमा," सरलाबाई पलंगाशी बसत म्हणाली.

सून तोंडावर हात ठेवून उभी राहिली. गेल्या पावसाळ्यापासून बा एक शब्द बोलल्या नव्हत्या.

मग सरलाबाईनं आपल्या अहिराणीत सगळं सांगितलं. दार आमच्याकडे आहे. गावाला घर बांधलंय. तिथे ते लावायचं आहे. तुमची हरकत नसेल तर. म्हातारीनं सगळं ऐकलं. किती समजलं ते देव जाणे. मग हिलालकडे बघून म्हणाली, "बपोरे बंध तो नहीं करो ने?"

"नाही," हिलाल म्हणाला. "दुपारी कधीच बंद नाही करणार."

शब्द देताना माणसाची अक्कल नेहमी चहा प्यायला गेलेली असते.

निघताना सरलाबाईनं म्हातारीला पत्ता सांगितला. उधन्याहून भुसावळकडची गाडी धर, दोंडाईच्याला उतर, टेशनाबाहेर काळीपिवळी जीप मिळते, गावात दूध डेअरीच्या मागे तिसरं घर, दार उंच आहे, चुकायचं नाही. सून हसली. "अरे, बा गॅलरीपर्यंत नाही जाऊ शकत."

"ते खरं," सरलाबाई म्हणाली. "पन पत्ता ठावका पाहिजे."

दुसऱ्या दिवशी बाराला कडी वाजली नाही. त्या शांततेत हिलालला झोप आली नाही.

दार गावाला पोचलं. सुकलाल गवंडी दाराकडे बघतच राहिला, मग भिंतीतल्या जागेकडे, मग हिलालकडे. "सुतळी मीच धाडेल व्हती ना?" त्यानं विचारलं. दार कापायला हिलाल तयार नव्हता, म्हणून सुकलालनं शिव्या देत वरची भिंत फोडली आणि पत्रे उचलून वीतभर वाढवली. आता समोरून ते घर भुवया वर केल्यासारखं दिसतं. पण आखाजीला सुषमा आली, आणि बापाच्या घराच्या उंबऱ्यातून आत आली. दोन दिवस ती झोक्यावरून उतरली नाही. सासूचं नाव तिनं गाण्यात अशा ठिकाणी बसवलं की गल्लीतल्या बाया पोट धरून हसल्या. हिलाल अंगणात विझलेली विडी धरून बसला होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुठेही कामावर जायचं नव्हतं.

आखाजी संपली. सुषमा सासरी गेली. सुरतेची माणसं सुरतेला निघाली. गावात अशी पंधरा-वीस घरं आहेत, सुरतेच्या पैशांनी बांधलेली, रंगवलेली, आणि वर्षाचे साडेअकरा महिने कुलूप लावलेली. हिलालनंही सुरतेहून कुलूप आणलं होतं, चांगलं नारळाएवढं. ते त्यानं कडीत घातलं आणि तसाच उभा राहिला.

"काय म्हनेल व्हतात तुम्ही तिले?" मागून सरलाबाई म्हणाली.

"कुलूप म्हणजे काही बंद नही..." हिलाल म्हणाला. 

सरलाबाईनं आपली पिशवी परत आत नेऊन ठेवली. "तुम्ही आनि हेमराज जा. मी ऱ्हास."

सात वर्षं घर बांधलं, ते दोघांनी एकत्र राहायला. घर झालं आणि दोघं दोन मुलखांत राहायला लागली. खोलीत आता वॉशबेसिन नव्हतं, जाळी नव्हती, दार नव्हतं. नुसत्या भिंती. खालच्या लूमचा आवाज खोलीत घुमायचा. हिलाल दिवसा पडून राहायचा, आणि बारा वाजायच्या आधी पाच मिनिटं, कुणी न उठवता, जागा व्हायचा. मग सरलाबाईला फोन करायचा.

"कोन उनं आज?"

"शेळी उनी. पुष्पाबाई साखर मांगाले उनी. मंग परत शेळी उनी."

"आनि?"

"आनि कोन येई? दार उघडं शे, मी बशेल शे."

असे दोन महिने गेले. एका शुक्रवारी सकाळी अडाजणहून सुनेचा फोन आला. बा गेल्या. मंगळवारी सकाळी, झोपेतच. तुम्ही येऊन गेल्यावर त्यांनी पलंग कधीच वाजवला नाही, तुम्हाला कळवावंसं वाटलं. हिलालला वाईट वाटलं. आणि त्या वाईट वाटण्याच्या मागून, लाजत लाजत, जरा बरंही वाटलं. शब्द ज्याला दिला ते माणूसच गेलं. आता कुलूप लावता येईल. सरलाबाई परत येईल, खोलीत भाकरीचा वास येईल.

त्यानं बाराची वाट न बघता फोन लावला. "म्हातारी गयी," तो म्हणाला. "आते कुलूप लाव नि ये."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग सरलाबाईनं विचारलं, "कव्हय गयी?"

"मंगळवारी. सकाळमा."

"सकाळमाच ना?"

"हा. का?"

"नही," सरलाबाई सावकाश म्हणाली. "मंगळवारले दुपारी कडी वाजनी. फोनवर मी बोलनी नही, तुमनी झोप उडी जाती. दार ते उघडंच व्हतं. मी म्हनं, ये माय, बस. पानी ठेवं. काल बी उनी. पयल्या दिनले लई दमेल वाटनी. गाडीमा बसाले जागा भेटनी नसेल."

हिलालच्या हातातला फोन गरम झाला होता. "भ्याव नही वाटत तुले?"

"माहेरले येल बाईनं कसानं भ्याव?" ती म्हणाली. "पन तुम्ही चार दिन या. घरमा पाव्हनी शे आनि घरधनी सुरतमा, बरं दिसत नही."

संध्याकाळी पाळीवर जाताना हिलालनं खात्याच्या मास्तरकडे चार दिवसांची सुट्टी मागितली. मास्तर त्याला पंचवीस वर्षांपासून ओळखत होता. आखाजी झाली, पोळा लांब आहे, आत्ता कशाला सुट्टी?

"घरी पाहुणी आलीय," हिलाल म्हणाला.

"कोण?"

हिलालला पटकन नातं सापडेना. 

"बहीण," तो म्हणाला.

हिलाल आईबापाचा एकुलता एक, हे मास्तरला चांगलं माहीत होतं. त्यानं त्याच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता सुट्टी दिली.